शरयूताईंचा सातवा थर

कलकत्त्याला डमडमच्या घरी आमचं सामान येऊन पडलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिला खोका फोडला. वरची उशी उचलून बाजूला टाकणार, तेवढ्यात उघड्या दारातून आवाज आला, "थांब, थांब! उशीखाली काय होतं ते आधी बघ, मग पुढचं काढ."

दारात सत्तरी ओलांडलेल्या एक बाई उभ्या होत्या. सुती साडी, खांद्याला कापडी झोळी, हातात झाकलेली ताटली. "मी शरयू खांबेटे. वर तिसऱ्या मजल्यावर राहते. मराठी माणसं आलीत असं वॉचमन म्हणाला, म्हणून पोहे आणलेत. चहा खाशील?"

चहा खायचा कसा, हे मला त्या वेळी कळलं नाही. त्यांचे आजोबा रेल्वेच्या कचेरीत नोकरीला म्हणून कलकत्त्यात आले ते इथलेच झाले. शरयूताई जन्मल्या इथे, वाढल्या इथे. घरात त्या मराठी बोलायच्या, पण त्या मराठीत बंगाली कुठून शिरायचं ते त्यांनाही समजायचं नाही. बंगालीत चहा काय, पाणीसुद्धा खातात. आणि त्यांना एखादी गोष्ट आवडली की ती 'भीषण' आवडायची.

पोहे तसेच राहिले. शरयूताई खोक्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि एकेक वस्तू काढत माझ्या घराची हकिगत मलाच सांगू लागल्या. "उशी सगळ्यांत वर, म्हणजे निघायच्या दिवसापर्यंत वापरात होती. खाली कुकर. याची शिटी नाही, घाईत ती कुठेतरी राहून गेली. आता हे बघ, वरच्या भांड्यांना गुंडाळलेलं वर्तमानपत्र गेल्या आठवड्यातलं आणि खालच्या काचेच्या भांड्यांना महिनाभरापूर्वीचं. बदलीची ऑर्डर आल्याबरोबर तू काचेची भांडी बांधून टाकलीस. इकडे यायची इतकी घाई होती का गं?"

"नाही," मी म्हटलं. "यायचंच नव्हतं. आवडती भांडी डोळ्यांसमोर नकोत, म्हणून आधी बांधली."

"हे काही खोक्यावरून कळलं नसतं," त्या म्हणाल्या. "बरं झालं, विचारलं."

खोक्याच्या अगदी तळाशी माझ्या नवऱ्याचा, अनिरुद्धचा, मोबाईलचा चार्जर निघाला. त्यावर मात्र त्या अडल्या. रोज लागणारी वस्तू महिनाभर आधी तळाशी कोण ठेवेल? त्यांनी खोका आडवा केला. खालचा कोपरा फाटलेला होता आणि त्यावर चिकटपट्टी मारलेली होती. "हे बघ!" त्या आनंदाने ओरडल्या. "इथून फाटलं, ट्रकवर चढवताना कुणीतरी बाहेर राहिलेला चार्जर यातून आत सारला आणि वर पट्टी मारली. खाली सापडलं म्हणजे जुनंच असतं असं नाही. आधी भोक शोधायचं!"

त्या कुठल्या खात्यातून निवृत्त झाल्या असतील याचा मला अंदाज येईना. मग त्यांनीच सांगितलं. इथल्या एका विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागात त्या नोंदी ठेवायचं काम करत. प्राध्यापक नव्हत्या, नोंदणी सहायक होत्या. सियालदहहून गाडीने दोन तास गेलं की एका गावाबाहेर मातीची मोठी ढिबी आहे, म्हणजे जुन्या वस्तीवर साचलेलं टेकाड. तीस वर्षांपूर्वी विभागाने तिथे ओळीने काही हिवाळे उत्खनन केलं. प्रत्येक खापर, प्रत्येक मणी, प्रत्येक थर कार्डावर उतरवला तो शरयूताईंनी. निवृत्तीनंतरही आठवड्यातून दोनदा त्या मेट्रोने एस्प्लनेडला उतरून पुढे बसने विभागात जायच्या. तिथल्या कोठीच्या खोलीत त्यांना एक टेबल दिलेलं होतं.

"आणि तू काय करायचीस पुण्याला?"

मी विमा कंपन्यांसाठी डेटाबेस बनवायचे. बदलीपायी ती नोकरी सोडून आले होते आणि आता नुसती घरात बसणार होते. डेटाबेस म्हणजे काय हे मी त्यांना थोडक्यात सांगायला लागले, तर त्यांनी मला मध्येच थांबवलं. "गुरुवारी माझ्याबरोबर चल. पण डबा आण, तिथलं कॅन्टीन भीषण आहे." या वेळचं भीषण मराठी होतं.

कोठीच्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत पत्र्याचे ट्रे होते आणि ट्रेमध्ये कार्डं. नव्या विभागप्रमुखांना हे सगळं कॉम्प्युटरवर हवं होतं. त्याआधी कुणीतरी एक्सेलची एक अवाढव्य फाईल करून ठेवली होती, आडवी सरकवता सरकवता बोट दुखावं एवढी. शरयूताईंना तिचा राग होता. "सगळं गाव एका सतरंजीवर झोपवलंय," त्या म्हणायच्या. "कोण कुणाचं, काही पत्ता नाही."

त्यांची स्वतःची पद्धत निराळी होती. कार्डाच्या कडेला भोकं पाडून त्यांनी रंगीत दोरे ओवले होते. लाल दोरा असेल तर हा थर त्या थराच्या वर. निळा दोरा असेल तर ही खापरं एकाच मडक्याची. मी पहिल्या दिवशी एक प्रश्न टाकला. एका मडक्याचे तुकडे तीन थरांत सापडले, तर मडक्याचं वर्णन तिन्ही ठिकाणी लिहायचं का?

"का म्हणून?" त्या म्हणाल्या. "मडकं एकच आहे ना? मग त्याला कार्डही एकच. तुकड्यांना आपापली कार्डं, आणि तुकड्याच्या कार्डावर मडक्याचा नंबर. उद्या मडक्याबद्दल काही नवं कळलं, तर एकाच जागी लिहायचं. तीन जागी लिहिलंस, तर एका जागी विसरशीलच."

मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. हेच समजायला मला कॉलेजात एक पूर्ण सत्र लागलं होतं आणि नोकरीत शिकाऊ मुलांना ते पटवता पटवता माझा घसा बसायचा. या बाई तीस वर्षं ते दोऱ्याने करत होत्या! त्या दिवशी परतीच्या मेट्रोत डमडम कधी आलं ते मला कळलं नाही. डोक्यात डेटाबेसची टेबलं, म्हणजे तक्ते, मांडत होते. थरांचं एक, वस्तूंचं एक, मडक्यांचं एक, आणि कोण कुणाच्या वर याचं वेगळं. पुणं सोडल्यापासून पहिल्यांदा मला भूक लागली होती.

मग आमचं काम सुरू झालं, आणि भांडणंही. मी थराच्या टेबलात मातीचा रंग सक्तीचा केला, म्हणजे रंग भरल्याशिवाय नोंद पुढे सरकायची नाही. शरयूताई एका कार्डापाशी अडून बसल्या.

"इथे रंग लिहिलेला नाही."

"मग अंदाजाने घाला ना. शेजारच्या थराचा तपकिरी आहे."

"मी त्या दिवशी रंग पाहिला नव्हता. अंगात ताप होता. तुझं मशीन मला खोटं बोलायला लावतंय."

"मग रिकामं ठेवू या."

"नुसतं रिकामं नको. पाहिलं आणि नव्हतं, हे वेगळं. पाहिलंच नाही, हे वेगळं. दोन्हींसाठी जागा कर."

मी जागा केली. आणखी एका बाबतीतही त्या हटल्या नाहीत. जुनी नोंद चुकीची निघाली तर ती पुसायची नाही. तिच्या शेजारी दुरुस्ती लिहायची, आणि ती कोणाच्या सांगण्यावरून, कधी, कशावरून, हेही लिहायचं. "चूक केली त्या दिवशीही आपण तिथे होतोच ना," त्या म्हणायच्या. "आपल्याला पुसून कसं चालेल?" त्यासाठी मी दुरुस्त्यांचं एक स्वतंत्र टेबल बनवलं. तेव्हा मला वाटलं होतं, हे रिकामंच राहील. त्यांच्या कार्डांत चूक कुठून सापडणार?

ती सापडली उत्खननातल्या पाचव्या चराच्या कार्डांत. मी प्रोग्रॅमला एक नियम घालून दिला होता. कुठलाही थर फिरून फिरून स्वतःच्याच खाली येता कामा नये. पाचव्या चराची कार्डं भरली आणि प्रोग्रॅमने ती नाकारली. माझंच काहीतरी चुकलं असणार म्हणून मी दोन दिवस सगळं उलटंपालटं करून तपासलं. प्रोग्रॅम बरोबर होता. मग तीन कार्डं घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले.

एक कार्ड म्हणत होतं, चौथा थर सातव्याच्या वर आहे. यात वाद नव्हता. दुसरं म्हणत होतं, एक खड्डा चौथ्या थरातून खाली खणलेला आहे. म्हणजे खड्डा चौथ्यानंतरचा. आणि तिसरं म्हणत होतं, सातवा थर त्या खड्ड्याच्या तोंडावर अखंड पसरलेला आहे. म्हणजे खड्डा सातव्याच्याही आधीचा. दोन्ही खरं असणं शक्य नव्हतं.

शरयूताईंनी कार्डं टेबलावर ओळीने मांडली. दुसरं कार्ड एका विद्यार्थ्याच्या अक्षरात होतं. त्यावर लिहिलं होतं, 'हारान म्हणतो, खड्डा वरून आला आहे.' फक्त त्या वाक्यावर लाल शाईने काट मारलेली होती, बाकी नोंद तशीच होती, आणि खाली शरयूताईंच्या वळणदार अक्षरात शेरा होता, 'मजुराची समजूत चुकीची.' तिसरं कार्ड संपूर्ण त्यांच्याच हातचं होतं.

त्यांनी त्या शेऱ्यावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "हारानदा आमचे मुकादम होते. मातीवर नुसता हात फिरवून थर सांगायचे. त्या दिवशी म्हणाले होते, 'दीदी, एटा ओपोर थेके नेमेछे.' हे वरून उतरलंय. मी म्हटलं, नाही. हंगामाचा शेवटचा आठवडा होता. सगळे थकलेले होते. आणि त्या खड्ड्याजवळच विळा सापडला होता."

तो लोखंडी विळा म्हणजे त्या उत्खननाचा मानबिंदू. तो सातव्या थरातला, म्हणजे सर्वांत जुन्या वस्तीतला, अशी नोंद झाली, आणि तिच्या आधारावर उत्खननाच्या प्रमुखांनी त्यांच्या ग्रंथाचं अख्खं दुसरं प्रकरण लिहिलं. तिथल्या पहिल्याच माणसांना लोखंड माहीत होतं, असं. विभागात सगळे या प्रमुखांना मास्टरमोशाय, म्हणजे गुरुजी, म्हणायचे. विळा जर त्या खड्ड्यातून खाली आला असेल, तर तो चौथ्या थरानंतरच्या लोकांचा, कितीतरी पुढच्या काळातला.

"म्हणजे तुझ्या खोक्यातला चार्जर," शरयूताई म्हणाल्या, आणि एकदम हसायला लागल्या. हसता हसता चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. "तुझ्या घरात येऊन मला दोन मिनिटांत भोक सापडलं. आणि माझ्या चरातलं तीस वर्षं सापडलं नाही!"

मी म्हटलं, "शरयूताई, हे अजून फक्त आपल्या दोघींना माहीत आहे."

हे मी का म्हणाले, कोण जाणे. त्यांना वाचवावं असं वाटलं असेल. त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "शनिवारी मास्टरमोशायांकडे जाऊ," त्या म्हणाल्या. "साडी चांगली नेस."

मास्टरमोशाय सियालदहजवळच्या एका गल्लीत राहायचे. वय नव्वदीकडे झुकलेलं. जिन्याच्या मधल्या वळणावर शरयूताई थांबल्या आणि माझा हात धरला. "चाळीस वर्षं ओळखते यांना," त्या म्हणाल्या, "पण आज पाय उचलत नाही बघ."

वर गेल्यावर मात्र त्यांनी खुर्चीवर टेकायच्या आधीच सगळं सांगून टाकलं, बंगालीत, एका दमात. मास्टरमोशाय डोळे मिटून ऐकत होते.

"चुकीचं कार्ड कोणाचं?" त्यांनी विचारलं.

"माझं."

"आणि बरोबर?"

"हारानदांचं. मी त्यावर काट मारली होती."

म्हातारबुवांनी डोळे उघडले. खालून ट्रामची घंटा ऐकू आली. मग ते म्हणाले, "विळा गेला तर माझं दुसरं प्रकरण पडतं."

"हो."

"पडू दे. पण नुसत्या कॉम्प्युटरच्या सांगण्यावरून नाही पडू देणार. त्या चराची पूर्वेची भिंत आपण वाळू भरून राखून ठेवली होती. ती उघडा आणि डोळ्यांनी पाहून या." शरयूताई निघायला वळल्या तशी त्यांनी बंगाली उच्चारात त्यांच्या नावाने हाक मारली. "शोरोजू, संदेश खाऊन जा. प्रकरण पडलं म्हणून घरातली मिठाई संपलेली नाही."

जिना उतरताना शरयूताई अशा काही झपाझप उतरल्या की मलाच मागून ओरडावं लागलं.

विभागाने रीतसर परवानगी काढली. त्यात दोन महिने गेले, आणि तेवढ्यात अनिरुद्धची नागपूरला बदली झाल्याची ऑर्डर आली. भिंत उघडायचा दिवस ठरला, त्यानंतर चारच दिवसांनी आम्हाला निघायचं होतं. या वेळी मी काचेची भांडी आधीच बांधून टाकली नव्हती; ती शेवटपर्यंत डोळ्यांसमोर हवी होती.

जानेवारीतली सकाळ होती. सियालदहहून गाडी, पुढे टोटो, म्हणजे तिकडची बॅटरीवरची रिक्षा, मग शेताच्या बांधावरून चालत. मी आयुष्यात पहिल्यांदा उत्खनन पाहत होते. ज्या चरांची नावं मी महिनोन्‌महिने टाईप केली, ते आता शेजारशेजारचे उथळ, गवताळ खळगे होते. विद्यार्थ्यांनी पाचव्या चरातली वाळू आधीच उपसून ठेवली होती. काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत, डोक्याला माकडटोपी आणि अंगावर शाल, हारानदा बसले होते. शरयूताईंना पाहून त्यांनी हात जोडले. त्यांनीही जोडले. पदर खोचून शिडीने थेट चरात उतरल्या. एका विद्यार्थिनीने आधार द्यायला हात पुढे केला, तर म्हणाल्या, "मला नको, शिडीला धर."

हातात थापी घेऊन त्यांनी भिंतीवरची माती वरून खाली हलकेच खरवडली, मग तिच्यावर पाण्याचा फवारा मारला. मी मागे उभी राहून पाहत होते. मला सगळीकडे एकच तपकिरी रंग दिसत होता.

"रंग बघू नकोस," त्या म्हणाल्या. "ओल बघ. आधी कुठे वाळतंय ते."

आम्ही थांबलो. सूर्य भिंतीवर आला. माती हळूहळू सुकू लागली आणि वरून हारानदांचा आवाज आला, "आरेकटू बाँये, दीदी." अजून जरा डावीकडे.

शरयूताईंनी डावीकडे खरवडलं, पुन्हा फवारा मारला. आणि मग ते मलासुद्धा दिसलं. चौथ्या थरापासून निघालेली एक काळसर रेघ, तिरकी, खाली खाली जात सातव्या थराला कापून गेलेली. रेघेच्या आतली माती भुसभुशीत, ओल धरून राहिलेली. बाहेरची कोरडी. ज्याच्यावर सातवा थर अखंड पसरला आहे असं कार्डावर लिहिलं होतं, त्या खड्ड्याने सातव्या थराला सरळ भोक पाडलं होतं.

"पेयेछि!" शरयूताई ओरडल्या. मिळाला! "बघ गं, बघ, किती भीषण सुंदर आहे!" आपली तीस वर्षांची चूक समोर उघडी पडलेली, आणि या बाई चिखलाच्या हातांनी टाळ्या वाजवत होत्या. चरातली सगळी मुलं त्यांच्याबरोबर टाळ्या वाजवू लागली.

वर येऊन त्या हारानदांच्या खुर्चीपुढे उभ्या राहिल्या. "हारानदा, तुमि ठीक बोलेछिले. भूल आमार." तुमचं बरोबर होतं, चूक माझी.

हारानदांनी मान डोलावली. "से तो आमि तोखोनि बोलेछिलाम," ते शांतपणे म्हणाले. ते तर मी तेव्हाच सांगितलं होतं.

हसण्याचा जो काही गलका झाला, त्यात सर्वांत मोठ्याने हसत होत्या शरयूताई.

तिथेच गवतावर बसून मी लॅपटॉप उघडला आणि दुरुस्त्यांच्या टेबलातली पहिली ओळ भरायला घेतली. कोणत्या नोंदीची दुरुस्ती, कशावरून, कधी. मग आलं, कोणाच्या सांगण्यावरून. मी माणसांची यादी उघडली. मास्टरमोशाय होते, शरयूताई होत्या, त्या काळचे सगळे विद्यार्थी होते. हारानदा नव्हते. खणणाऱ्यांपैकी एकही माणूस त्यात नव्हता.

शरयूताई स्क्रीनकडे पाहत राहिल्या. "नुसतं हारान लिहून कसं चालेल," त्या हळूच म्हणाल्या, आणि त्यांच्याकडे वळल्या. "हारानदा, तोमार पुरो नाम की?"

इतक्या वर्षांत त्यांचं पूर्ण नाव त्यांना कुणीच विचारलं नव्हतं. हारानदांनी माकडटोपी काढून मांडीवर ठेवली, फोटो काढताना बसतात तसे ताठ बसले. "श्री हाराधन नस्कर."

मी लिहिलं. त्यांनी मान लांब करून ते मला वाचून दाखवायला लावलं. मग म्हणाले, वडीलही होते पहिल्या वर्षी खणायला, त्यांचंही लिहा. त्यांचंही लिहिलं. शरयूताईंनी विचारलं, "आणखी कोण कोण होतं?"

हारानदा बोटांवर मोजू लागले. एकेका नावाबरोबर तो माणूस कुठल्या चरात होता तेही त्यांना आठवत होतं. पाणी आणून देणाऱ्या दोन बायका होत्या, त्याही त्यांनी सोडल्या नाहीत. एका विद्यार्थिनीने येऊन सांगितलं की दुपारची गाडी गाठायची तर आता उठायला हवं.

"ती जाऊ दे," शरयूताई म्हणाल्या, "मागून येते तिने जाऊ." हारानदा डोळे मिटून आठवत होते, शरयूताई प्रत्येक नाव मोठ्याने परत म्हणत होत्या, आणि मी लिहून घेत होते.